शेष दहा दिवस

यशवंत उजागरे यांच्यावर मी मनातल्या मनात चिडले नाही, असा एक महिना गेला नसेल. माणूस वाईट होता म्हणून नव्हे. वाईट माणसावर चिडून मोकळं होता येतं. हा माणूस इतका चांगला होता की त्याच्यापुढे आपलं चांगलं वागणंही लंगडं वाटायचं. असल्या चांगुलपणाचा शेजाऱ्यांना जाच होतो, तर घरच्यांना किती होत असेल, हा विचार मला फार उशिरा सुचला.

हिंदी मुलखातल्या बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही शेजारी होतो, मध्ये एक भिंत. माझे यजमान नीळकंठराव कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते, उजागरे तपासणी खात्यात. आम्ही वर्ध्याचे, ते नगरकडचे. आम्ही हिंदू, ते ख्रिस्ती. पण त्या सबंध ओळीत मराठी घरं दोनच, त्यामुळे वरणात मीठ जास्त पडलं तरी दुसऱ्या घराला कळायचं. दिवाळीला आमच्या करंज्या तिकडे जायच्या, नाताळला त्यांच्या इकडे यायच्या. शारदाच्या करंज्या माझ्यापेक्षा सरस असत, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

शारदा म्हणजे उजागऱ्यांची बायको. गोल चेहरा, पटकन हसू येणारी, आणि गळा असा की ती न्हाणीघरात गुणगुणली तरी मी इकडे पोळी लाटायची थांबायचे. तिकडच्या चर्चमध्ये सगळी हिंदी आणि मल्याळी मंडळी, मराठी घरं जेमतेम पाच. वर्षातून एकदा, नाताळात, त्या पाच घरांना एक मराठी भजन म्हणायला मिळायचं आणि ते शारदा म्हणायची. त्या एका भजनासाठी ती महिनाभर तालीम करायची.

आता उजागऱ्यांच्या पाटीविषयी सांगते.

कारखान्यात प्रत्येक शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, एक फळा असतो. त्याच्यावर तीन रकाने: लक्ष्य, उपलब्धी, शेष. महिन्याचं काम किती ठरलं, किती झालं, किती उरलं. महिनाअखेर आली की तो फळा भरायला माणसं जेवणखाण विसरायची, आणि आम्हा बायकांना नवरे ओळखू येईनासे व्हायचे. उजागऱ्यांना हा फळा फार आवडला. त्यांनी पॅकिंगच्या प्लायवूडचा एक तुकडा घरी आणला, काळा रंगवला, तेच तीन रकाने पांढऱ्या रंगानं आखले आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगला. दर महिन्याला त्यावर स्वतःसाठी एकच लक्ष्य. कारखान्याचं नाही, स्वतःच्या स्वभावाचं.

“जेवताना मिठाबद्दल बोलणार नाही.” “आईला दर आठवड्याला पत्र.” “शारदा बोलत असताना मध्ये बोलणार नाही.” एकदा होतं, “पलीकडच्यांच्या रेडिओवर मनातसुद्धा चिडणार नाही.” पलीकडचे म्हणजे आम्हीच. ते ‘मनातसुद्धा’ वाचून मी नीळकंठरावांना म्हटलं, रेडिओ मोठा करा अजून, बघू या किती संत आहेत ते. ते लक्ष्य दोन महिने शेषमध्ये राहिलं. मी त्यांना भिंतीवरून विचारायची, “काय भाऊजी, या महिन्याचं प्रॉडक्शन कुठवर आलं?” ते गंभीरपणे सांगायचे, “वहिनी, कठीण आहे.”

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ते पाटीपुढे हात मागे बांधून उभे राहायचे. सगळा महिना आठवायचे, डोळे मिटून प्रार्थना करायचे आणि मग खडू उचलायचे. अर्धंमुर्धं जमलं असेल तर अर्धं लिहायची सोय नव्हती. झालं म्हणजे पूर्ण झालं, नाहीतर शेष.

इथवर ठीक होतं. पण त्यांच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पावाचा लहानसा तुकडा आणि पेल्यातला घोटभर द्राक्षरस, त्यांच्या प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. मंडळी ओळीनं पुढे जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि घेतात. मी शारदाबरोबर दोनचारदा गेले आहे, मागच्या बाकावर बसायची. उजागऱ्यांनी स्वतःला नियम घालून घेतला होता की पाटीवरचं लक्ष्य पुरं झालं असेल तरच पेल्यापाशी जायचं. शेष असेल त्या महिन्यात बाकावरच बसून राहायचं. हा नियम त्यांना कुणी सांगितलेला नव्हता. उलट पाळकसाहेब, जबलपूरकडचे म्हातारे गृहस्थ, माझ्यादेखत त्यांना म्हणाले होते, “उजागरे जी, यह मेज़ पास हुए माल के लिए नहीं लगती.” उजागऱ्यांनी उत्तर दिलं, “साहब, बिना जाँच का माल मैंने आज तक आगे नहीं भेजा.”

खरंच नव्हता पाठवला. नीळकंठराव सांगायचे, एखादा जॉब, म्हणजे घडवलेला सुटा भाग, ड्रॉइंगपेक्षा केसभर कमीजास्त होतो, पण काम भागण्यासारखा असतो. अशा वेळी गिऱ्हाइकाला विचारतात, त्यानं सही केली की आहे तसा माल पुढे जातो. त्याला डेव्हिएशन म्हणतात. बाकीचे इन्स्पेक्टर महिनाअखेरीला डेव्हिएशनचे कागद भराभर करायचे. उजागऱ्यांनी सबंध नोकरीत एक केला नाही. चुकलेल्या जॉबवर लाल रंगाची रेघ ओढायची आणि बाजूला ठेवायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

लग्नाला आठ वर्षं झाल्यावर त्यांना मुलगी झाली. निर्मला. आईसारखा गोल चेहरा आणि बापासारखी शिस्त, खेळ संपला की भातुकली मोजून डब्यात भरणारी. माझी दोन्ही पोरं तिच्यापुढे रानटी दिसायची. ती सात वर्षांची असताना, चौऱ्याहत्तर सालच्या डिसेंबरात, एका दुपारी तिला थोडा ताप होता. शारदाला भजनाच्या तालमीला जायचं होतं. ती दारात घुटमळत होती. मीच म्हटलं, “जा गं, मी आहे ना. झोपवते तिला माझ्याकडे.” ती तीन वाजता गेली.

त्या दुपारचं आणखी थोडं सांगायचं आहे, पण माझी जीभ तिथे नेहमी अडते. ते पुढे सांगेन.

संध्याकाळी ताप चढला, पोरगी ओळखेना. दवाखान्यात नेलं. मेंदूज्वर निघाला. तिसऱ्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, काही तास आधी आणली असती तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. असल्या वाक्यातून ज्याला जे ऐकायचं ते तो ऐकतो.

कबरस्तानातून मंडळी परत आली. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर वीसेक माणसं बसली होती. उजागरे उभेच होते, भिंतीकडे बघत. आणि भिंतीशीच बोलावं तसे ते म्हणाले, “त्या दिवशी तू घरी असतीस, शारदा, तर पोरगी आज असती.”

आवाज चढवला नव्हता. मोजून, तपासून बोलावं तसं बोलले. शारदानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग ती उठून आत गेली आणि तिनं सगळ्यांसाठी चहा टाकला. मी तिच्यामागे गेले. साखरेचा डबा तिच्या हातातच होता, उघडता येत नव्हता. मी तो उघडून दिला. याहून अधिक मी काही केलं नाही.

त्यानंतर शारदा कधी गायली नाही. नाताळचं मराठी भजन बंद पडलं. पाटी दाराआडून निघाली आणि पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेली. उजागऱ्यांनी तो नाद सोडला असं सगळ्यांनी धरलं. एक गोष्ट मात्र साऱ्या मंडळीच्या नजरेत भरली: पहिल्या रविवारी उजागरे पेल्यापाशी जायचे बंद झाले. एक महिना, दोन महिने, वर्ष. शारदा उठायची, एकटी पुढे जायची, गुडघे टेकायची, घेऊन परत यायची. ते बाकावर मान खाली घालून बसलेले.

बाहेरून बघणाऱ्याला त्यांचा संसार आदर्श वाटे. ते तिला कधी उणा शब्द बोलले नाहीत. पिपलानीच्या बाजारातून भाजी तेच आणायचे, निवडायला बसायचे, तिला सर्दी झाली की काढा करून द्यायचे. आमच्या ओळीतल्या बायका नवऱ्यांना उजागऱ्यांचा दाखला द्यायच्या. मला मात्र त्या घरात गेलं की गुदमरायला व्हायचं. दोघंही इतकी जपून वागायची, जणू पाहुण्यांच्या घरी पाहुणे उतरलेत.

एकदा शेंगा सोलता सोलता शारदा मला म्हणाली, “मनोरमा, आमच्यात असं आहे की कुणाविषयी मनात काही असेल तर आधी ते मिटवायचं, मग प्रभूच्या मेजाशी यायचं. त्यांच्या मनात माझ्याविषयी आहे. त्यांना मला माफ करता येत नाही. आणि ते खोटं करणारे नाहीत, म्हणून जात नाहीत.”

“विचारलंस कधी?” मी म्हटलं.

“विचारलं आणि हो म्हणाले तर?” तिनं टरफलं ओंजळीत गोळा केली. “मी घेते बाई. मला घ्यावंच लागतं, नाहीतर महिना निघत नाही.”

चौऱ्याण्णव साली उजागरे निवृत्त झाले. त्यांनी अवधपुरीत दोन खोल्यांचं घर बांधलं, आम्हीही दोन गल्ल्या सोडून बांधलं होतं. सामान हलवताना शारदा भांडी बांधत होती आणि मी त्यांची पुस्तकं खोक्यात भरत होते. त्यांच्या जाड पवित्र शास्त्राच्या मागे, फळीवर, सुतळीनं बांधलेली एक गड्डी होती. वीतभर उंच. कारखान्यातली जुनी जॉब कार्डं, पाठकोरी. सुतळी झिजून विरली होती, हातात घेताच तुटली आणि कार्डं जमिनीवर पसरली. प्रत्येकावर तेच तीन रकाने. जानेवारी पंच्याहत्तर. फेब्रुवारी पंच्याहत्तर. मार्च. लक्ष्याच्या रकान्यात प्रत्येक कार्डावर एकच ओळ, “शारदाला सांगणे: चुकलं माझं.” उपलब्धीचा रकाना कोरा. आणि तिसऱ्यात, त्या सुबक इन्स्पेक्टरी अक्षरात, शेष. शेष. शेष.

मी जमिनीवर बसले. एकोणीस वर्षं हा माणूस दर महिन्याला तेच ठरवत होता, महिनाभर ते जमत नव्हतं, आणि पुढच्या रविवारी स्वतःला लाल रेघ ओढून बाकावर बसवत होता. आणि ती शेजारी बसून समजत होती की रेघ तिच्यावर आहे.

उजागरे दारात आले. त्यांनी कार्डं गोळा केली, तारखेप्रमाणे लावली.

“भाऊजी,” मी म्हटलं, “दोन शब्द आहेत. सांगत का नाही?”

“नीट सांगता आलं पाहिजे, वहिनी. त्या दिवशी वीस माणसांसमोर बोललो. आता घाईघाईनं काहीतरी बोलून मोकळं व्हायचं, म्हणजे ते अर्धवट काम. तिला पटेल असं, पूर्ण असं सांगायचं आहे. या महिन्यात नक्की.” मग हळूच म्हणाले, “हे तुमच्यापाशीच राहू द्या.”

तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं मी. शारदा पलीकडच्या खोलीत होती, दहा पावलांवर. पण मी कार्डं खोक्यात ठेवली, त्यांच्यावर पुस्तकं रचली. नवरा-बायकोच्या मध्ये तिसऱ्यानं पडू नये, असं मी स्वतःला सांगितलं. म्हण तयार असली की भित्र्या माणसाची फार सोय होते. खरं कारण वेगळं होतं. ती दुपार पुन्हा उघडली असती, तर तिच्यात मीही सापडले असते.

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर शारदाच्या पोटात दुखायला लागलं. कर्करोग होता, आणि कळला तेव्हा फार पसरला होता. जानेवारीत डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. ती इतकी बारीक झाली की तिच्या बांगड्या उशीखाली काढून ठेवाव्या लागल्या. मी सकाळ-संध्याकाळ जायची. उजागरे तिचं सगळं करायचे, अगदी सगळं, आणि चेहऱ्यावर कधी कंटाळा नाही. मी वाट पाहत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. जानेवारीही गेला.

दोन फेब्रुवारीला रविवार होता. उपासना आटोपून पाळकसाहेब घरी आले, शारदाला चर्चमध्ये जाता येत नव्हतं म्हणून प्रभुभोजन घेऊन. आता तेही खूप थकले होते. तिपाईवर पांढरा रुमाल, त्यावर लहानशी थाळी आणि पेला. शारदाला मी उशांना टेकवून बसवलं. तिनं पावाचा कण घेतला, ओठ ओले होतील एवढा रस घेतला. मग पाळकसाहेबांनी पेला उजागऱ्यांपुढे धरला.

उजागऱ्यांनी मान हलवली. सवयीनं.

शारदानं ते पाहिलं. तिनं डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. तिच्या खांद्याचं हाड गाऊनमधून वर आलेलं मला दिसत होतं.

“पुरे झालं!” मी ओरडले. पाळकसाहेबांच्या हातातला पेला हिंदकळला. “शारदा, इकडे बघ. हे तुझ्यावर रागावलेले नाहीत. कधीच नव्हते. तुझी माफी मागायची म्हणून हे बावीस वर्षं दर महिन्याला कार्ड लिहितात. मागता येत नाही म्हणून पेला घेत नाहीत. स्वतःला शिक्षा करतायत, तुला नाही. ती गड्डी शास्त्रामागे आहे, आणू का?”

शारदानं मान वळवली. माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे.

“खरं?” तिनं विचारलं.

उजागरे पलंगाच्या कडेला आले. बावीस वर्षं घासूनपुसून तयार केलेलं जे काही वाक्य असेल, त्यातला एक शब्द त्यांना आठवला नाही. ते म्हणाले, “चुकलं माझं.”

“एवढंच होतं?”

“एवढंच.”

मला वाटलं, आता ती रडेल, त्यांचा हात धरेल. आपल्याला असंच वाटतं. शारदा हळू, पण स्वच्छ आवाजात म्हणाली, “मग बावीस वर्षं मी कशाची शिक्षा भोगली?”

पाळकसाहेबांनी पेला पुन्हा पुढे केला नाही. त्यांनी रुमाल झाकला, तिच्या कपाळावर हात ठेवून प्रार्थना म्हटली आणि काठी टेकत निघाले. उजागरे त्यांना रिक्षापर्यंत पोचवायला गेले.

आम्ही दोघीच उरलो. “तुला कधीपासून माहीत होतं?” शारदानं विचारलं.

“सामान हलवलं तेव्हापासून. अडीच वर्षं.”

“आणि बोलली नाहीस.”

मग मी सांगितलं. जे मी नीळकंठरावांनाही सांगितलं नव्हतं. त्या दुपारी चारच्या सुमारास निर्मला उठून माझ्याकडे आली होती. मी पापड लाटत होते. ती म्हणाली, “मावशी, मान दुखते. वाकवता येत नाही.” मी हात पुसले, तिच्या मानेला बाम चोळला आणि म्हटलं, “उशी वाकडी झाली असेल, झोप जा.” पापडाचा उंडा वाळत होता. नंतर दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, मान आखडल्याची तक्रार केली होती का? शारदा म्हणाली, मी घरी नव्हते. मी तिच्या शेजारी उभी होते आणि गप्प राहिले. चार दिवसांनी ते वाक्य वीस माणसांसमोर तिच्यावर पडलं, तेव्हाही मी गप्प राहिले. दोष ठेवायला तिची जागा तयार होती, मी तिला तिथे राहू दिलं.

बाहेर उजागऱ्यांच्या चपला वाजल्या, तसं शारदानं विचारलं, “आज दोन तारीख ना?”

“हो.”

“मला महिना लागेल,” ती म्हणाली. “आज लगेच नाही जमायचं. तोंडदेखलं म्हणेन, पण ते नको. या महिन्याचं माझं लक्ष्य हेच, तुम्हा दोघांना माफ करायचं. त्यांना सांग, पाटीवर लिहा म्हणावं.”

मी त्यांना सांगितलं. उजागऱ्यांनी पिंपावरची पाटी उतरवली. इतक्या वर्षांच्या ओलीनं कडा फुगल्या होत्या, पण रकाने दिसत होते. ती पुसून त्यांनी शारदाच्या पायथ्याशी, तिला दिसेल अशी टांगली. लक्ष्याखाली तिच्या नावानं लिहिलं, “यशवंत आणि मनोरमा यांना क्षमा.” स्वतःचंच नाव लिहिताना त्यांच्या हातातला खडू मोडला.

ते दिवस मला आजही एकेक करून आठवतात. शारदा पाटीकडे बघायची. ती आम्हाला काही लावून बोलली नाही, की काही गोडही बोलली नाही. सातव्या दिवशी तिनं उजागऱ्यांना निर्मलाचा फोटो ट्रंकेतून काढायला सांगितला. दोघांनी तो धरून पाहिला. बाराव्या दिवशी मी तिचे केस विंचरत होते तर म्हणाली, “तुझा हात जडच आहे मेला.” मला इतका आनंद झाला की मी मोरीत जाऊन रडले. मी प्रत्येक गोष्टीत खूण शोधत होते. दारापाशी उजागरे माझ्या तोंडाकडे बघायचे, काही म्हणाली का? मी मान हलवायची.

अठरा तारखेला संध्याकाळी तिला पाणी पाजत होते. उजागरे पाय दाबत होते. तिनं विचारलं, “तारीख किती?”

“अठरा,” उजागरे म्हणाले.

“फेब्रुवारी म्हणजे अठ्ठावीसच. दहा दिवस आहेत अजून,” ती म्हणाली. नंतर पाटीकडे बघून म्हणाली, “पुरतील.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास ती गेली. उजागरे तिच्यासाठी पेज गाळत होते.

महिना संपला, आणि एक मार्चला, शनिवारी, त्यांनी मला बोलावलं. पाटीपुढे हात मागे बांधून उभे होते, पूर्वीसारखेच. पलंग रिकामा होता, गादी उन्हात टाकलेली.

“वहिनी, उपलब्धीत काय लिहू? तुमच्यापाशी काही बोलली असेल. मी बाहेर गेलो असताना, कधीतरी.”

एक शब्द टाकला असता तर त्या माणसाची सुटका झाली असती. माझीही झाली असती. साक्षीदार कुणी नव्हतं. पण जी जीभ बोलायला हवं तेव्हा गप्प बसली, ती आता खोटं बोलायलाही वळेना.

“नाही बोलली, भाऊजी. कोरं ठेवा.”

त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या रकान्यात सावकाश लिहिलं, “शेष: दहा दिवस.” खडू ठेवला आणि म्हणाले, “उद्या माझ्याबरोबर चर्चला याल?”

दोन मार्च, पहिला रविवार. मी माझ्या जुन्या जागी, मागच्या बाकावर बसले. ओळी उठून पुढे जायला लागल्या. उजागऱ्यांची ओळ आली तशी शेजारचा माणूस सवयीनं अंग चोरून त्यांना ओलांडायला निघाला. उजागरे उठले. सबंध चर्चमध्ये माना वळल्या. ते मधल्या वाटेनं चालत गेले, गुडघे टेकायला त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला. पाळकसाहेबांनी पेला दिला. पेला ओठांना लावताना रस हनुवटीवरून शर्टावर सांडला, आणि हा माणूस, ज्याच्या कॉलरवर मी कधी घामाचा डाग पाहिला नाही, तो तसाच ओंजळ धरून बसून राहिला.

बाहेर पडल्यावर फाटकापाशी ते थांबले. “वहिनी, सबंध नोकरीत एका जॉबला डेव्हिएशन मागितलं नाही,” ते म्हणाले. “आज मागितलं. आहे तसा घे म्हटलं.”

“सही मिळाली?” मी विचारलं.

“ते कळत नसतं. मागायचं.” शर्टावरचा डाग त्यांनी रुमालानं पुसायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला.

त्यानंतर बारा वर्षं ते जगले, आणि दर पहिल्या रविवारी पेल्यापाशी गेले. पाटीवर पुन्हा काही लिहिलं नाही. ते गेल्यावर ती मी मागून घेतली. आता माझ्या मुलाच्या घरी, कोलार रोडला, माझ्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. खडूचं अक्षर पुसट झालंय, पण वाचता येतं. सून म्हणते, “आई, कबाड़ है, फेंक दूँ?” मी नाही म्हणते. त्यांना निदान एक पेला होता, ज्याच्यापुढे जाऊन आहे तसा घे म्हणता आलं. पाटीवर नावं दोन आहेत, आणि माझ्या दहा दिवसांचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.